चिंतामणीच्या दारी

॥ श्री गणेशाय नमः ॥

अष्टविनायकांच्या आठ स्थानांत श्रीगणेशाची नावे आठ आहेत आणि प्रत्येक नावामागील भाव निराळा आहे. मोरगावी तो मयूरेश्वर, ओझरला विघ्नेश्वर, पालीला आपल्या बालभक्ताच्या नावाने बल्लाळेश्वर. आणि पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने सुमारे २५ किलोमीटरवर, मुळामुठेच्या काठी थेऊर येथे तो चिंतामणी आहे. चिंता हरण करणारा तो चिंतामणी, हा अर्थ बहुतेक यात्रेकरूंना ठाऊक असतो. तो खरा आहे, परंतु अपुरा आहे. चिंतामणी या शब्दाचा मूळ अर्थ मनात चिंतिलेले देणारे रत्न असा आहे. संस्कृतातील 'चिंत्' या एकाच धातूपासून चिंतन आणि चिंता हे दोन्ही शब्द झाले. मन तेच, ते एका विषयावर स्थिर झाले की त्याचे चिंतन होते आणि भरकटले की त्याचीच चिंता होते. ज्या शक्तीच्या बळावर गृहस्थ पेरणीची आखणी करतो, मुलीच्या विवाहाचा खर्च जुळवतो, वृद्ध आईच्या औषधांच्या वेळा लक्षात ठेवतो, तीच शक्ती त्याला रात्री दोन वाजता अंथरुणात उठवून बसवते. म्हणून चिंता समूळ नाहीशी व्हावी असे मागणे म्हणजे एका परीने विचार करण्याची शक्तीच नको म्हणण्यासारखे आहे. ही शक्ती योग्य ठिकाणी कशी ठेवावी, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर या क्षेत्राच्या कथांमध्येच दडलेले आहे.

पहिली कथा ब्रह्मदेवाची आहे. सृष्टी उत्पन्न करणाऱ्या ब्रह्मदेवाचे मन एकदा अत्यंत अस्थिर झाले. कोठेही ठरेना, कशातही रमेना. तेव्हा त्याने या स्थानी बसून श्रीगणेशाचे अनुष्ठान केले आणि त्याचे चंचल मन स्थावर झाले. स्थावर या शब्दावरूनच या गावास थेऊर हे नाव पडले, अशी परंपरा सांगते. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि पुढे जातो. पण थोडे थांबून पाहावे. ज्याने चराचर निर्माण केले त्याचेही मन भरकटले होते! मग चार खोल्यांच्या घरात संसार करणाऱ्या माणसाचे मन भरकटले तर त्यात लाज वाटण्याजोगे काय आहे? फार विचार करणाऱ्या माणसाला दुःख दुहेरी असते. एक मूळ काळजीचे आणि दुसरे, 'माझी श्रद्धाच कमी पडते, म्हणून मला अशी काळजी वाटते,' या टोचणीचे. त्यातील दुसरे दुःख तरी थेऊरच्या पायरीशीच सोडून द्यावे.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हेच गाऱ्हाणे मांडले आहे. मन फार चंचल आहे, वाऱ्याला मुठीत धरावे तितके त्याला आवरणे कठीण वाटते, असे तो म्हणतो. येथे भगवंतांनी त्याला दटावले असते तरी शोभले असते. परंतु भगवंत प्रथम त्याचे म्हणणे मान्य करतात, मन आवरणे कठीण आहे यात संशय नाही असे सांगतात, आणि मग अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय देतात. पातंजल योगसूत्रांतही चित्तवृत्तींच्या निरोधासाठी हेच दोन उपाय आले आहेत. त्या सूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमिका वर्णिल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. आपण बोलताना 'विक्षिप्त' हा शब्द तऱ्हेवाईक माणसाला लावतो. शास्त्रात त्याचा अर्थ वेगळा आहे. बहुतांशी इकडेतिकडे धावणारे, तरीही अधूनमधून क्षणभर स्थिरावणारे चित्त ते विक्षिप्त. म्हणजे तुम्हाआम्हा सर्वांचे! आणि तो क्षणभराचा स्थिरपणा आपल्यापाशी असतो, एवढ्यावरच पुढील सारी साधना उभी आहे.

दर्शनाच्या रांगेतलेच पाहावे. मनुष्य पहाटे उठून, सहा तास प्रवास करून येतो. मूर्ती दहा हातांवर आलेली असते. आणि त्याच्या मनात काय चाललेले असते? बाहेर काढून ठेवलेल्या चपला जागेवर असतील ना? गाडी लावली ती जागा बरोबर होती ना? घरून निघताना गॅस बंद केला होता की नाही? यात हसण्यासारखे आहे आणि शिकण्यासारखेही आहे. चपलांचा विचार पुनःपुन्हा केल्याने त्या अधिक सुरक्षित होत नाहीत. एकदा विचार केला, त्या नीट जोडून ठेवल्या, तेथे त्या विचाराचे काम संपले. दुसऱ्यांदा आणि विसाव्यांदा तोच विचार येतो तेव्हा तो नवीन काहीच घेऊन येत नाही. विचार आणि चिंता ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे. विचाराला शेवट असतो. तो कोणत्या तरी कृतीपाशी जाऊन थांबतो. चिंता घाण्याच्या बैलाप्रमाणे दिवसभर चालते आणि संध्याकाळी जेथल्या तेथेच असते. बैलाच्या फिरण्याने निदान तेल तरी निघते.

आता दुसरी कथा. अभिजित राजाचा पुत्र गण हा पराक्रमी, परंतु उन्मत्त होता. एकदा तो आपल्या सैन्यासह कपिल मुनींच्या आश्रमात आला. मुनींपाशी इंद्राकडून प्राप्त झालेले चिंतामणी रत्न होते. त्याच्या प्रभावाने त्यांनी त्या अरण्यात गणाला आणि त्याच्या साऱ्या सैन्याला पंचपक्वान्नांचे भोजन घातले. तृप्त होऊन निघून जावे ते सोडून गणाला वाटले, असे रत्न या वनवासी मुनीपाशी कशाला? ते माझ्याच हाती हवे. त्याने ते बळाने हिरावून नेले. कपिल मुनींनी श्रीगणेशाची आराधना केली. कदंब वृक्षाखाली युद्ध झाले. गण मारला गेला आणि रत्न मुनींना परत मिळाले. कदंबाच्या योगाने या स्थानास कदंबनगर असेही नाव होते, असे सांगतात.

बहुतेक कथेकरी येथे जयजयकार करून कथा संपवतात. वास्तविक कथेचे मर्म यापुढे आहे. जे रत्न मनातील प्रत्येक इच्छा पुरवते, ज्याच्यासाठी एवढे युद्ध झाले, ते परत मिळाल्यावर कपिल मुनींनी काय केले? ते आश्रमात नेऊन जपून ठेवले नाही. त्यांनी ते श्रीगणेशाच्या गळ्यात बांधले. तेव्हापासून देवाचे नाव चिंतामणी झाले.

गण आणि कपिल यांच्यातील अंतर एवढेच आहे. जे जे घडणार आहे ते माझ्या मुठीत असावे, माझ्या इच्छेबाहेर काहीही घडू नये, हा गणाचा हट्ट. मुलाच्या परीक्षेचा निकाल, परगावी दिलेल्या मुलीचे सुख, कांद्याचा पुढच्या महिन्यातला भाव, तपासणीच्या रिपोर्टमध्ये काय येईल, साहेब आज असे का बोलले, या सर्वांची दोरी माझ्याच हाती असली पाहिजे असे आपले मन म्हणते. ती हाती नसते. मग मन कल्पनेतच ती पकडू पाहते. असे झाले तर काय करीन, तसे झाले तर काय करीन, अशा शंभर लढाया अंथरुणातच लढते. मन चिंती ते वैरी न चिंती, असे आपले वाडवडील म्हणत आले ते उगीच नव्हे.

येथे मातांना विशेष सांगावेसे वाटते. पुष्कळ माउलींची मनोमन अशी समजूत असते की, मी काळजी करते म्हणूनच घर सुरळीत चालले आहे. मुलगा रात्रीच्या गाडीने निघाला की त्या जाग्या राहतात. आपण झोपलो तर जणू त्याच्यावरचे पांघरूण कोणी काढून घेईल! झोप लागलीच तर सकाळी अपराधी वाटते. काळजी सोडणे म्हणजे प्रेम सोडणे असे त्यांना वाटते. या प्रेमाला आमचा नमस्कार आहे. परंतु मुलाची गाडी सुखरूप पोहोचते ती चालकाच्या जागेपणामुळे. आईच्या जागरणाने मुलाला मिळते ते एवढेच की, सकाळी फोनवर तिचा थकलेला आवाज ऐकून तोही काळजीत पडतो. पुढे पुढे तर मुले आईला काही सांगेनाशी होतात. 'तिला कशाला सांगायचे, ती उगाच काळजी करत बसेल,' असे म्हणून आजार लपवतात, नोकरी गेली तर लपवतात. ज्या प्रेमापोटी काळजी केली, त्याच प्रेमाच्या मधोमध ती भिंत होऊन उभी राहते. याहून मोठे नुकसान कोणते?

आपल्या मराठी भाषेने येथे एक फार मोलाचा भेद करून ठेवला आहे. आपण 'काळजी घेणे' म्हणतो आणि 'काळजी करणे' असेही म्हणतो. शब्द एकच, क्रियापदे दोन. काळजी घेणारा मनुष्य काहीतरी करीत असतो. डबा भरून देतो, औषध आणतो, वेळेवर फोन करतो, पीकविम्याचा अर्ज भरतो. काळजी करणारा नुसता बसलेला असतो आणि तरीही संध्याकाळी थकलेला असतो. ज्या क्षणी मन कुरकुरू लागेल त्या क्षणी स्वतःला विचारावे, या बाबतीत आज मला घेण्याजोगी काळजी कोणती? काही निघाली तर उठून ते काम करावे. काहीच निघाली नाही, तर ते रत्न ज्याच्या गळ्यात शोभते त्याच्या गळ्यात बांधावे.

थेऊरच्या भूमीत याचे एक ऐतिहासिक उदाहरणही आहे. थोरले माधवराव पेशवे यांची या चिंतामणीवर अपार श्रद्धा होती. येथील लाकडी सभामंडप त्यांनीच बांधविला. १७६१ साली, पानिपतच्या संहारानंतर आणि वडिलांच्या निधनानंतर, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी त्यांच्या मस्तकी राज्याचा भार आला. घरात वडीलधारी पिढी खपलेली, तिजोरीवर कर्ज, दारात शत्रू आणि चुलत्यांशी कलह. चिंता करण्यास याहून अधिक कारण कोणास असेल? अकरा वर्षांत त्यांनी राज्याची विस्कटलेली घडी पुन्हा बसविली. परंतु क्षयाने शरीर पोखरले आणि अखेरच्या दिवसांत ते थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात येऊन राहिले. तेथे त्यांनी आपल्या पश्चात करावयाच्या गोष्टींची नऊ कलमांची याद करविली. राज्यावरील कर्ज फेडले जावे, ही त्यांतील एक प्रमुख इच्छा होती. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, याच स्थानी त्यांचा देह पडला. त्या यादीकडे साधक म्हणून पाहावे. एवढ्या मोठ्या राज्याची चिंता, पण ती कागदावर उतरली तेव्हा तिची कलमे झाली. कलम म्हटले की ते कोणावर तरी सोपविता येते, करता येते, पुरे झाल्यावर त्यावर रेघ मारता येते. जे कलमात बसत नाही, म्हणजे आपल्या मागे काय होईल, कोण कसा वागेल, ते त्यांनी देवाच्या समोरच ठेवले असले पाहिजे, असे आम्हास वाटते.

तेव्हा ज्यांना रात्री विचार थांबत नाहीत असा अनुभव आहे, त्यांनी दिवेलागणीपूर्वीची पंधरा-वीस मिनिटे काळजीसाठी नेमून द्यावीत. कागद घ्यावा आणि मनात असेल ते सर्व लिहून काढावे. जे करण्याजोगे असेल त्यापुढे कोणी व केव्हा करायचे ते लिहावे. उरलेले तसेच राहू द्यावे, कागद दुमडून देवघरात ठेवावा आणि दिवा लावावा. रात्री तोच विचार परत आला तर त्याला भांडून हाकलू नये. 'तुझी वेळ उद्या सायंकाळी,' एवढेच सांगावे. हे ऐकायला पोरकट वाटेल. पण मनाला नेम आवडतो. आपण देवाला वेळ नेमून देतो, भोजनाला देतो, गुरांच्या चाऱ्यालाही देतो. चिंतेला मात्र चोवीस तास घर मोकळे ठेवतो. मानसोपचार करणारे तज्ज्ञही आज हा उपाय सांगतात.

अभ्यास म्हणजे काय, ते जपमाळेवरून चांगले कळते. माळेचे मणी १०८. पाच-सहा मणी होतात न होतात तोच मन बाजारात गेलेले असते. मग साधक स्वतःवर रागावतो, 'माझा जप काही होत नाही,' म्हणतो आणि माळ ठेवून देतो. वास्तविक मन भटकले हे ज्या क्षणी ध्यानात आले, तोच जपातील सर्वांत मोलाचा क्षण होय. तेथून त्याला, रांगणाऱ्या मुलाला उंबऱ्यावरून उचलून आणावे तसे, न रागावता परत आणावे. एका माळेत मन चाळीस वेळा गेले आणि चाळीस वेळा परत आणले, तर चाळीस वेळा अभ्यास झाला. ज्याचे मन एकदाही गेले नाही त्याला अभ्यासाची गरजच नव्हती. नामासोबत श्वासही सावकाश करावा. घेतलेल्या श्वासाहून सोडलेला श्वास थोडा लांब असावा. छातीतील धडधड त्याने हळूहळू उतरते. आणि माळ हाती घेताना मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा हे बरे. झोपण्यापूर्वीचा अर्धा तासही तो तेथेच राहिला तर अधिक बरे.

वैराग्याविषयी मात्र गैरसमज फार आहेत. घरदार सोडणे हे वैराग्य संसारी माणसासाठी नव्हे. कपिल मुनींनी रत्न फेकून दिले नाही, फोडून टाकले नाही; त्याची जागा बदलली. शेतकरी मशागत करतो, बी निवडतो, वेळेवर पेरतो आणि मग आभाळाकडे पाहतो. पाऊस पाडणे आपल्या हाती नाही हे त्याच्याइतके कोणास ठाऊक आहे? तरीही पुढच्या वर्षी तो पुन्हा पेरतोच.

नवसाविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. नवस बोलल्याने मनाला आधार मिळतो, हे आम्ही नाकारत नाही. परंतु कित्येक भाविक नवसामुळेच नव्या चिंतेत पडलेले दिसतात. फेडायचा राहिला, आता काही वाईट होईल का? एकवीस म्हटले होते की एकशे एकवीस, आठवत नाही, देव कोपेल का? भाविकहो, देव सावकार नव्हे. तो व्याज मोजत बसलेला नाही. जमेल तेव्हा, जमेल तसे फेडावे. न जमल्यास भूक लागलेल्याला जेवू घालावे आणि निर्धास्त असावे. आणि 'तुमच्या चिंतेचे कारण अमुक दोष आहे, एवढे पैसे द्या म्हणजे तो काढतो,' असे सांगणारा कोणी वाटेत भेटला, तर त्याला नमस्कार करून पुढे चालू लागावे.

काही चिंता मात्र जपाने व कागदाने आवरत नाहीत, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावरची वासना उडालेली, छातीत सतत धडधड, हातून रोजचे काम होईना, कोणाशी बोलावेसे वाटेना, अशी अवस्था असेल तर डॉक्टरांकडे जावे. दृष्टी मंदावली म्हणून चष्मा लावणारा श्रद्धाहीन ठरत नाही. मनाच्या आजारासाठी औषध घेणाराही ठरत नाही. जगणेच नको असा विचार मनात येत असेल, तर तो क्षणभरही एकट्याने सोसू नये. जवळच्या माणसाला त्याच घटकेला सांगावे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेली टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते. घरात कोणी असे खचलेले असेल तर त्याला 'एवढे काय मनावर घेतोस' असे म्हणू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकावे, दवाखान्यात त्याच्यासोबत जावे. त्याची काळजी घ्यावी.

शेवटी यात्रेच्या क्रमासंबंधी, कारण त्याविषयी भाविक वारंवार विचारतात. अष्टविनायक यात्रा मोरगावपासून आरंभावी आणि आठही दर्शने झाल्यावर पुन्हा मोरगावी येऊन पूर्ण करावी, असा परंपरेचा संकेत आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी तो अवश्य पाळावा. परंतु दोन दिवसांच्या सहलीच्या बसमधून येणाऱ्यांना रस्ता, मुक्काम आणि चालकाची सोय पाहूनच जावे लागते. कोणी आधी रांजणगावला जातो, कोणी थेट थेऊरला उतरतो. क्रम चुकला, आता यात्रा फळेल का, हा प्रश्न मनात घेऊन ते गाभाऱ्यासमोर उभे राहतात आणि समोरच्या मूर्तीकडे पाहायचे राहून जाते. तसे करू नये. जेथे उभे आहात तेथून आरंभ झाला असे समजावे. दर्शन झाल्यावर लगेच गाडीकडे न धावता सभामंडपात पाच मिनिटे बसावे, मनात जे घेऊन आलात ते एकदा स्पष्ट शब्दांत देवाला सांगावे आणि मग उठावे. मोरगावी परत जाणे या खेपेस जमले नाही, तर पुढच्या खेपेस जावे.

॥ मंगलमूर्ती मोरया ॥